आई-बाबांना घेऊन ब्रायटन: कुठे राहावं, कुठे खावं, काय बघावं?

निवडुंग
नमस्कार मंडळी. आई-बाबा दिवाळी उरकून महिनाभरासाठी आमच्याकडे रेडिंगला आलेत. लंडन दाखवून झालं, दोघंही दमले. आता नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रायटनला जाऊन एक रात्र राहायचं, रविवारी परत, असं चाललंय. आम्ही चौघं.

बाबांचा हट्ट एकच: 'सागरा प्राण तळमळला' जिथे सुचलं तो किनारा बघायचा. ते देवळालीचे, सावरकरांचं भगूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कविता लहानपणापासून पाठ. अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात झाली. आजही रस्त्यात कुणी बॉनेट उघडलं की हे तिथे उभे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर चालतात, जिने नकोत. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

एक रात्र पुरे का? हॉटेल समुद्रासमोर घ्यावं की आत? आणि आईच्या पोटाचं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गोटीसोडा
एक रात्र कशाला? लंडनहून तासाभराची गाडी आहे, लोक सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतात. आणि खरं सांगू का, ब्रायटनला वाळू नाही. नुसते गोटे. आई-बाबांना समुद्र दाखवायचा तर बोर्नमथला न्या.

खारवडी
गोटीसोडा, बाबांना समुद्र नाही, *तो* समुद्र बघायचाय. बोर्नमथला नेऊन काय सांगणार, सागर तोच आहे, प्राण जरा इकडे तळमळवा?

निवडुंग, मी नऊ वर्षं ब्रायटनला राहिले, आधी ससेक्स युनिव्हर्सिटीत शिकायला, मग नोकरीला. एक रात्र राहाच. दिवसभराचे लोक परत गेले की संध्याकाळी गाव आपलं होतं. पण तारीख बदला. नोव्हेंबरचा पहिला रविवार म्हणजे लंडन ते ब्रायटन जुन्या मोटारींची फेरी. आदल्या रात्री हॉटेलं भरलेली आणि भाडी चढलेली असतात. आठवडाभर पुढे ढकला.

लांबउडी
खारवडी, अहो काय सांगताय! एसटी वर्कशॉपमधल्या माणसाला नेमक्या त्याच रविवारी न्यायचं सोडून पुढे काय ढकलता?

निवडुंग, नीट वाचा. १९०५ च्या आधी बनलेल्या मोटारी उजाडता उजाडता हाइड पार्कातून निघतात आणि साठेक मैल धापा टाकत ब्रायटनला पोचतात. १८९६ साली इंग्लंडात कायदा बदलला, गाडीपुढे माणूस चालवायची सक्ती गेली आणि वेगाची मर्यादा ताशी १४ मैल झाली. त्याच्या आनंदात त्या नोव्हेंबरात पहिली फेरी निघाली होती, तिची ही आठवण. गाडीपुढच्या त्या माणसाच्या हातात असायचं तसं लाल निशाण सुरुवातीला अजून फाडतात. गाड्या किनाऱ्यालगतच्या मडीरा ड्राइव्हवर येऊन थांबतात. ते बघायला तिकीट नाही. दहानंतर यायला लागतात, दुपारभर येतच राहतात. काही ढकलत आणाव्या लागतात, तीच खरी मजा.

युक्ती अशी: शनिवारी जाऊच नका. रविवारी सकाळी निघा, रविवारची रात्र राहा, सोमवारी परत. ब्रायटनमध्ये रविवारची रात्र आठवड्यातली सगळ्यात स्वस्त. एक सुट्टी टाकावी लागेल, पण शनिवारच्या भाड्याच्या मानाने बरंच वाचेल.

निवडुंग
लांबउडी, तुम्हाला साष्टांग. बाबांना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर आजपासूनच झोपायचे नाहीत. नवऱ्याने सोमवारची रजा टाकली. आता हॉटेल?

खारवडी
माघार घेते, लांबउडी बरोबर.

राहण्याचं सांगते. किनाऱ्यावरची दोन मोठी नावं म्हणजे १८६४ चं ग्रँड आणि त्याच्या शेजारचं लाल विटांचं मेट्रोपोल. ग्रँड तेच, जिथे १९८४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान मार्गारेट थॅचर मुक्कामाला असताना आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने बॉम्ब उडवला होता. पाच माणसं गेली, त्या वाचल्या. राहिला नाहीत तरी आत जाऊन जिना बघता येतो, चहा घेता येतो.

खिशाला परवडणारं म्हणजे केम्पटाउनमधली बी अँड बी, म्हणजे खोली आणि सकाळची न्याहारी देणारी छोटी घरगुती हॉटेलं. पॅलेस पिअर या समुद्रात शिरलेल्या करमणुकीच्या धक्क्याच्या पूर्वेला, समुद्रापासून दोन-तीन मिनिटांवर, उंच अरुंद पांढरी घरं. दिसायला फार गोड. पण बाबांच्या गुडघ्यासाठी धोक्याची, कारण बहुतेक घरं दोनशे वर्षांची, लिफ्ट नाही आणि जिना कोकणातल्या माळ्याच्या शिडीसारखा उभा. माझ्या सासऱ्यांना एका ठिकाणी 'समुद्र दिसणारी खोली' म्हणून चौथ्या मजल्यावर चढवलं होतं. समुद्र दिसला, पण न्हाणीघराच्या खिडकीतून, तोही स्टुलावर उभं राहिल्यावर. तेव्हा फोन करून 'लिफ्ट आहे का' हा एकच प्रश्न विचारा. संकेतस्थळावरचे फोटो जिना दाखवत नाहीत.

तुमच्यासाठी गावातलं एखादं साखळी हॉटेल बरं. ओल्ड स्टीन या मधल्या चौकाच्या आसपास घेतलंत तर पॅव्हेलियन, पिअर आणि बसचे थांबे, सगळं पाच-सात मिनिटांत. युथ हॉस्टेलही तिथेच आहे, जुन्या हॉटेलच्या इमारतीत. स्टेशन मात्र टेकाडावर. येताना उतार, जाताना चढ. जाताना टॅक्सी करा.

वरणभात
खाण्याचं खातं माझं!

आईंसाठी ब्रायटनइतकं सोपं गाव या देशात क्वचितच सापडेल. ईस्ट स्ट्रीटवर 'तेर आ तेर', संपूर्ण शाकाहारी, १९९३ पासून. महाग आहे, ताट बघून 'हे नक्की काय आहे' असं दोनदा विचारावं लागतं, पण एकदा खावंच. लेन्स म्हणतात त्या जुन्या गल्ल्यांमध्ये 'फूड फॉर फ्रेंड्स', तेही शाकाहारी, १९८१ पासूनचं. माझं मत विचाराल तर आई-बाबांना दुसऱ्या ठिकाणी न्या, तिथलं जेवण जेवणासारखं दिसतं. दोन्हीकडे टेबल आधी सांगून ठेवा आणि अंडं नको हे स्पष्ट बोला. इथे शाकाहारी म्हणजे अंडं चालतं असंच धरतात. व्हीगन पदार्थ मागितला की प्रश्नच मिटतो. फक्त ताक-दही-चीजही जातं.

तुम्ही मासे खात असाल तर किनाऱ्यावरचं 'रीजन्सी' किंवा वेस्टर्न रोडवरचं 'बँकर्स'. 'इंग्लिशेस'मध्ये कालवं मिळतात, पण ते पगार झाल्यावर. आईंना चिप्स द्यायच्या असतील तर आधी विचारा कशात तळल्यात. तेल शाकाहारी असलं तरी कढई माशाचीच असू शकते. माझ्या आईने अर्धा पुडा संपवल्यावर हे कळलं आणि तिने उरलेल्या सुट्टीभर फक्त केळी खाल्ली.

आइस्क्रीम पूल व्हॅलीतल्या 'बोहो जेलाटो'त. नोव्हेंबर असला म्हणून काय झालं.

आणि चिप्स हातात घेऊन किनाऱ्यावर फिरू नका. तिथले सीगल म्हणजे महाबळेश्वरची माकडं, फक्त पंख असलेली. मागून येतात.

दक्षिणायन
सगळे खाण्यात अडकलेत, म्हणून थोडं बघण्याचं.

रॉयल पॅव्हेलियन चुकवू नका. पुढे चौथा जॉर्ज झाला त्या राजपुत्राचा समुद्रकाठचा महाल. जॉन नॅशने १८१५ ते १८२२ मध्ये आजचं रूप दिलं. बाहेरून घुमट-मिनार, आतून चिनी ड्रॅगन. भारतात पाऊल न ठेवलेल्या माणसाने स्वप्नात बघितलेला भारत. आई म्हणतील हे हुबेहूब लग्नाच्या मंडपासारखं आहे, आणि ते खोटं नाही. व्हिक्टोरिया राणीला तो आवडला नाही. १८५० मध्ये गावाने विकत घेतला.

पण आपण तिथे जायचं ते दुसऱ्या कारणासाठी. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचं रुग्णालय या महालात होतं. झुंबराखाली खाटा. धर्म आणि जात सांभाळायची म्हणून नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे. १९१५ च्या ऑगस्टमध्ये पंचम जॉर्जने याच बागेत जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. वरच्या मजल्यावर रुग्णालयाचं दालन आहे. जिना आहे, बाबांना सावकाश चढवा. बागेच्या दक्षिण टोकाला १९२१ चं 'इंडिया गेट' आहे, भारतीयांनी शुश्रूषेबद्दल दिलेली भेट. बरेच लोक त्याखालून जातात आणि वर बघतही नाहीत.

सोमवारी ब्रायटन म्युझियम बंद असतं, पॅव्हेलियन उघडं असतं. तसा बेत करा.

लांबउडी
दक्षिणायन, छत्री राहिली.

दक्षिणायन
छत्री मुद्दाम ठेवली होती, कारण बाबांच्या गुडघ्याला जमेल का शंका आहे.

रुग्णालयात जे हिंदू आणि शीख सैनिक मरण पावले, त्यांतल्या ५३ जणांचं दहन पॅचमच्या वरच्या टेकड्यांवर झालं. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी केली. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा. १ फेब्रुवारी १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते अनावरण झालं. आठ खांब, घुमट, समोर ग्रॅनाइटच्या तीन शिळा. मजकूर इंग्रजीबरोबर हिंदी, पंजाबी आणि उर्दूत. नावांचा शिलालेख मात्र २०१० मध्ये शेजारी बसवला. मुसलमान सैनिकांना वोकिंगच्या शहाजहान मशिदीजवळ पुरलं.

गाडी तिथवर जात नाही. हमरस्त्यापासून गवतातून चढत जावं लागतं, आजूबाजूला मेंढ्या, पावसानंतर चिखल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटेत कुणी भेटलं नाही. वर पोचल्यावर दूरवर समुद्राची राखाडी रेघ दिसते. बाकी वारा. मी जेमतेम दहा मिनिटं थांबलो असेन, पण उतरताना बायकोशी बोलावंसं वाटलं नाही. दर वर्षी जूनमध्ये एका रविवारी तिथे मानवंदना होते, तेव्हा गर्दी असते.

गोटीसोडा
हे मला ठाऊक नव्हतं. चार वेळा ब्रायटनला जाऊन पिअरवर यंत्रात नाणी टाकून परत आलोय. बोर्नमथ मागे घेतो.

आता मुद्द्याचं. सावरकरांनी कविता नक्की कुठे केली? पाटी आहे का?

दक्षिणायन
मला तरी किनाऱ्यावर कुठे पाटी दिसलेली नाही. १९०९ चा डिसेंबर. त्याच वर्षी सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, ऑगस्टमध्ये मदनलाल धिंग्रांना फाशी झाली होती. सावरकर ब्रायटनला आले होते आणि किनाऱ्यावर सोबत बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल होते. हेच निरंजन पाल पुढे बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहीत. तीन महिन्यांनी, १९१० च्या मार्चमध्ये, पॅरिसहून परतताना सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. ब्रायटनची गाडी आजही व्हिक्टोरियावरून सुटते. मी दर वेळी फलाटावर कॉफी घेऊन उभा असतो आणि दर वेळी हे आठवतं.

चकवा
सावरकरांचा विषय निघालाच आहे तर त्यांनी पुढे काय केलं त्यावरही बोलू या की…

संपादक मंडळ
धागा ब्रायटनमध्ये राहण्या-खाण्याचा आहे. पुढच्या विषयासाठी वेगळे धागे आहेत, तिथे सहाशे प्रतिसाद झालेले आहेत. चकवा यांचे पुढचे तीन प्रतिसाद हलवले आहेत.

वरणभात
संपादकांना माझ्याकडून एक प्लेट चिप्स.

दक्षिणायन, आपला चंपीवाला विसरलात. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद. १८१० मध्ये लंडनात 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं, इंग्लंडातलं पहिलं हिंदुस्तानी खाणावळ म्हणावं असं. ते बुडालं. मग ब्रायटनला येऊन औषधी वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली आणि चौथ्या जॉर्जचे, चौथ्या विल्यमचे 'शॅम्पूइंग सर्जन' झाले! शॅम्पू हा शब्द चंपीतलाच. १८५१ मध्ये वारले, कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात. स्नानगृहाच्या जागी आता क्वीन्स हॉटेल आहे. खाणावळ बुडाल्यावर नशीब काढलेला माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल विशेष जिव्हाळा आहे. माझीही एक बुडाली आहे.

खारवडी
आता उरलेलं भराभर.

गोट्यांवरून बाबांना चालवू नका, गुडघा वळतो. वरचा फरसबंद रस्ता मैलोनमैल सपाट आहे, बसायला बाकडी आहेत. पॅलेस पिअर १८९९ चा, फळ्यांमधून खाली पाणी दिसतं. बाहेरच्यांना हल्ली छोटंसं तिकीट पडतं, आरामखुर्च्या फुकट. पश्चिमेला जळक्या वेस्ट पिअरचा सांगाडा समुद्रात उभा आहे. १८६६ चा, १९७५ मध्ये बंद पडला, २००३ मध्ये आगी लागल्या. नोव्हेंबरपासून सूर्यास्ताला तिथे साळुंक्यांच्या जातभाईंचे, स्टारलिंगचे, थवे येतात. हजारो पक्षी एकदम वळतात. घड्याळं मागे गेलेली असतील, म्हणजे साडेचारच्या आत अंधारायला लागेल. चारला हजर राहा.

बाबांसाठी एक वाईट बातमी: व्होल्क यांची विजेची रेल्वे नोव्हेंबरात बहुधा बंद असेल. १८८३ ची, अजून चालणारी जगातली सगळ्यात जुनी विजेची रेल्वे. उन्हाळ्यात परत आणा. फक्त शेवटच्या थांब्यावर उतरून मरीनाच्या दिशेने रमतगमत जाऊ नका. तिथे १९८० पासून अधिकृत नग्न किनारा आहे. मला हे माहीत होतं. सासूबाईंना नव्हतं. त्या पुढे चालत होत्या.

लांबउडी
😂 पुढे काय झालं ते सांगा!

खारवडी
काही नाही. 'थंडी नाही का वाजत यांना?' एवढंच म्हणाल्या आणि वळल्या.

लांबउडी
सोमवारी वेळ उरला तर १२ नंबरची कोस्टर बस घ्या, ईस्टबोर्नच्या बाजूची. सध्या एका फेरीचं भाडं तीन पौंडांच्या वर जात नाही. वरच्या मजल्यावर, जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्याच बाजूला. वाटेत रॉटिंगडीन लागतं. आपल्या मुंबईच्या जेजे कलाशाळेच्या आवारात जन्मलेला लेखक किपलिंग १८९७ ते १९०२ तिथे राहत होता, त्याच्या नावाची बाग आहे. सीफर्डच्या पुढे कुकमिअर नदीची वळणं दिसतात. एक्सीटला उतरून नदीकाठाने सपाट वाट समुद्रापर्यंत जाते, तिथून सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे. कड्याच्या टोकावर फोटोसाठी उभे राहू नका, खडू ठिसूळ असतो, सांगून कोसळत नाही.

गाडीचं तिकीट काढताना ग्रुपसेव्ह बघा. तिघं किंवा जास्त एकत्र असाल तर गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सूट, कार्ड लागत नाही. रेडिंगहून लंडनला जाऊच नका, गॅटविकला गाडी बदला. रविवारी रुळांची कामं आहेत का तेवढं आदल्या दिवशी तपासा.

दक्षिणायन
आणि किनाऱ्यावरचा गोटा आठवण म्हणून उचलू नका. कायद्याने मनाई आहे. हसू नका, खरंच आहे.

निवडुंग
मंडळी, जाऊन आलो! आधी सगळ्यांचे आभार, मग वृत्तांत.

गॅटविकला गाडी बदलताना पाऊण तास गेला, तरी अकराला मडीरा ड्राइव्हवर होतो. बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. पहिली गाडी दिसली, स्टिअरिंगच्या जागी नुसता दांडा असलेली, आणि ते जागच्या जागी उभे राहिले. पुढचे अडीच तास आम्ही तिघं बाकड्यावर आणि ते गाड्यांमध्ये. इंग्रजी येत नाही असं म्हणणारे बाबा एका द दिऑन-बूतोंच्या, म्हणजे जुन्या फ्रेंच मोटारीच्या, मालकाशी हातवारे करून इंजिनाबद्दल बोलत होते. त्या आजोबांनी बॉनेट उघडून दाखवलं. बाबांनी खिशातला रुमाल काढून त्यांच्या हाताचं तेल पुसलं. आई म्हणाली, 'माझ्या हाताला कधी रुमाल दिला नाही.'

जेवायला 'फूड फॉर फ्रेंड्स'. आई खूश. 'तिखट नाही, पण मनापासून केलंय,' हा तिचा शेरा. रात्री तिने पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढलीच.

चारला वेस्ट पिअरपाशी. पक्षी आले, पण थोडे. खारवडी, हंगामाची सुरुवात असावी. बाबा खाली गोट्यांवर उतरायचंच म्हणाले. नवऱ्याने एक हात धरला, मी दुसरा. लाट मागे जाताना गोटे घरंगळतात त्याचा आवाज होतो, आमच्या गोदेच्या पुरात दगड वाहतात तसा, असं बाबा म्हणाले. मला वाटलं होतं मोठ्याने कविता म्हणतील. म्हणाले, पण पुटपुटत, समुद्राकडे तोंड करून. मध्येच अडखळले. मागून आईने आठवण केली, 'अहो, मधलं कडवं राहिलं.' मग तिनेच ते म्हटलं. तिला पाठ आहे हे मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

सोमवारी पॅव्हेलियन. वरच्या मजल्यावर सावकाश चढलो. खाटांचा फोटो बघून बाबांनी विचारलं, यात आपल्याकडचे किती? कुणाला सांगता आलं नाही. छत्रीला बाकीचे तिघं जाऊ शकले नाहीत. सकाळी पाऊस होता. मी एकटी टॅक्सीने पायथ्यापर्यंत गेले, बूट चिखलात गेले, वर जाऊन आले. दक्षिणायन, तुम्ही बायकोशी का बोलला नाहीत ते कळलं. खाली आल्यावर बाबांनी फोनवरचे फोटो मोठे करून ती नावं एक एक करून वाचली.

आणि गोट्याचं. बाबांच्या कोटाच्या खिशात एक निघाला, सोमवारी सकाळी, हॉटेलात. मी कायदा सांगितला. काही बोलले नाहीत. स्टेशनवर जायच्या आधी टॅक्सी किनाऱ्यावर थांबवायला लावली, कठड्यावरून तो खाली टाकला आणि परत येऊन बसले.

वरणभात
शेंगदाण्याची चटणी. बरोबर.

मुसाफिर_मिल्टनकीन्स
उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एकच प्रश्न: आम्ही गाडी घेऊन जाणार आहोत, पार्किंग कुठे मिळेल?

खारवडी
गाडी नेऊ नका.

लांबउडी
नेऊ नका.

गोटीसोडा
मी नेली होती. नेऊ नका.